हातभर खालचं पाणी

जमिनीच्या पोटात काय चाललं आहे ते न उकरता सांगायचं, हे माझं एकतीस वर्षांचं काम. या अंकाच्या संपादकांनी फोन करून नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या, तेव्हा मी उत्साहाने हो म्हणून बसलो. मग जुन्या डायऱ्या काढल्या. गमती आहेत, पण त्या दीड पानात संपतात. बाकी पानांवर एकच विहीर आहे, आणि ती बाजूला ठेवून दुसरं काही लिहिणं मला जमलं नाही. सणासुदीच्या दिवसांत वाचकांनी एवढं चालवून घ्यावं.

आमचं खातं पाणी आणि जमीन खराब होऊ नये म्हणून नेमलेलं. कार्यालय अलिबागला, आणि माझ्या वाट्याला तेलाच्या टाक्या. पेट्रोलपंपांच्या, जेट्टीवरच्या मच्छीमार सोसायट्यांच्या, कारखान्यांच्या. लोकांना पंप म्हणजे वरचं यंत्र आणि नळी दिसते. खरा पंप जमिनीखाली असतो. हजारो लिटरच्या पोलादी टाक्या पुरलेल्या असतात आणि एकदा वर माती लोटली की त्यांचं तोंड पुन्हा कुणी बघत नाही. टाकी पुरायला परवाना देणारे साहेब वेगळे, माप बरोबर आहे का ते बघणारे वेगळे, भेसळ पकडणारे वेगळे, आणि तेल गळून जमिनीत गेलं की मग आम्ही. टाकी एक आणि साहेब चार. चौघांनी मिळून एकाच दिवशी एकच टाकी पाहिली, असं माझ्या नोकरीत एकदाही घडलं नाही.

टाकी गळते की नाही हे कळायचा रोजचा उपाय अगदी साधा आहे. सकाळी विक्री सुरू होण्याआधी टाकीच्या नळकांड्यातून एक लांब पितळी काठी आत सोडतात. ती तळाला टेकली की वर काढायची, कुठवर ओली झाली ते वाचायचं आणि तक्त्यावरून लिटर काढायचे. काल किती होतं, किती विकलं, आज किती उरलं, हे रजिस्टरात लिहायचं. थोडी तूट माफ असते. त्याहून जास्त तूट सलग दिसली, तर खाली कुठेतरी भोक पडलंय असं समजायचं.

माझ्या हद्दीत एक म्हातारे पंपमालक होते, ते खंडेनवमीला या काठीची पूजा करायचे. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि त्या दिवशी काठी टाकीत उतरणार नाही म्हणजे नाही. रजिस्टरात तो दिवस कोरा. मी नियम दाखवला. ते म्हणाले, वर्षभर ती आमच्यासाठी अंधारात उतरते, एक दिवस तिला वर राहू द्या. मी शेऱ्याच्या रकान्यात ‘खंडेनवमी’ असं लिहून सही केली, आणि वरून तपासणीला आलेल्यांनीही त्यावर काही विचारलं नाही. त्या कोऱ्या रकान्याचा मला पुढे आदर वाटू लागला, कारण त्या रजिस्टरात निदान खोटं काही नव्हतं.

आता विहिरीकडे येतो. काशीदच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या बाया आजही मासळी विकतात आणि नाव छापलं की गिऱ्हाईक नाक मुरडेल. रस्त्याच्या चढावर पंप, खाली उतारावर माडांची वाडी, मग कोळीवाडा, मग समुद्र. वाडीत मथुराबाईंची विहीर. समुद्र शंभर पावलांवर, तरी पाणी गोड. मथुराबाई तेव्हा साठीच्या. नवरा गेलेला, दोन मुलगे बोट चालवायचे, आणि सुकवणं, विकणं, व्यवहार हे सगळं त्यांच्याकडे. विहीर सासऱ्याने खणलेली; सातबारा त्यांचा, पण कप्पी अख्ख्या कोळीवाड्याची. नळाचं पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा यायचं, त्यामुळे सगळे तिथलंच पाणी प्यायचे.

पंचायतीमार्फत अर्ज आला की विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येतो. मी गेलो. मथुराबाईंनी पोहऱ्याने पाणी काढून माझ्यापुढे धरलं. मी वास घेतला. वारा समुद्रावरून येत होता आणि पलीकडे काठ्यांवर बोंबील वाळत होते, मला त्याखेरीज दुसरा वास कळेना. शिवाय, खरं लिहायचं तर, मनात आलं की कोळीवाडा आहे, डिझेलचे कॅन घरोघर असतात, इथे तो वास असायचाच. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. पण मनात आलं, आणि त्यानंतर माझे हात थोडे कमी काळजीने चालले असणार.

पाण्याचा नमुना घेण्याची एक शिस्त असते. पाण्याच्या वरच्या थरावर धूळ, पाला, किडे असतात, त्याने तपासणी बिघडते. म्हणून बाटली बूच लावूनच दोरीने आत सोडायची, हातभर खाली नेऊन तिथे दुसऱ्या दोरीने बूच उचलायचं आणि भरली की परत बसू द्यायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात, आणि पुढे मी कितीतरी जणांना ते शिकवलं. त्या दुपारी मी तेच केलं. वर पंपावर जाऊन रजिस्टर पाहिलं. रोजची तूट रोज माफीच्या आत, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. पंपाच्या व्यवस्थापकाचं मी कौतुक केलं. इतकं नेटकं रजिस्टर आधी आकडा ठरवून मग लिहिलेलं असतं, हे कळण्याइतकी माझी नोकरी झाली होती. तरी कौतुक केलं.

प्रयोगशाळेने लिहिलं, तेलजन्य पदार्थ आढळले नाहीत. मी त्याखाली ‘पाणी पिण्यास हरकत नाही’ असं लिहून सही केली. पंचायतीने तो कागद दारावर चिकटवला.

आठ महिन्यांनी मथुराबाई एसटीने अलिबागला आल्या. सोबत स्टीलचा डबा होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. शेजारच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघू लागली, इतका वास होता. मी सांगितलं की तुम्ही आणलेला नमुना आम्हाला धरता येत नाही, आमचा नमुना आम्हीच घेतो. आणि तो कसा घेतो, बाटली कशी हातभर खाली नेतो, तेही समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, “साहेब, बोटीत डिझेल सांडलं तर ते पान्याच्या तळाशी जातं का वर तरंगतं?”

“वर तरंगतं.”

“मंग तुमी खाली काय शोधीत व्हता?”

आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, सरकारी अधिकारी, आणि जे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असतं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शिस्त पाळायची एवढंच डोक्यात होतं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ओहोटीला गेलो. त्या किनाऱ्यावरच्या विहिरी भरती-ओहोटीबरोबर थोड्या वरखाली होतात. ओहोटीला पाणी उतरलं की डोंगरबाजूचा ओघ वाढतो. या वेळी रुंद तोंडाची काचेची बरणी पाण्याला नुसती टेकवली. वर रंगीत साय आली. पोहऱ्यातही तेच येत असणार, कारण पोहरा कलंडून वरचंच पाणी घेतो. विहिरीवर ‘पिऊ नये’ अशी पाटी लावली, पंचायतीच्या दारावरचा माझा कागद स्वतःच्या हाताने काढला. मथुराबाईंनी घरच्या नातवंडांना ते पाणी देणं केव्हाच बंद केलं होतं, पण शेजारचे त्यांना तो कागद दाखवून हसायचे आणि पीत राहायचे. आठ महिने. उलट्या, पोटदुखी, अंगावर पुरळ, अशी घरं मी त्या दिवशी फिरून लिहून घेतली. कुणाला पुढे काय होईल हे सांगता येत नव्हतं, आजही येत नाही.

पंपाची डिझेलची टाकी रिकामी करून हवेच्या दाबाने तपासली. दाब टिकला नाही. आता वाचक म्हणतील, झालं, सापडला चोर. तिथेच आमच्या कामाची खरी अडचण सुरू होते. काही देशांत सरकार तेलाच्या दरातून चार पैसे बाजूला काढून निधी ठेवतं. गळती झाली की आधी त्यातून साफसफाई करतात, भांडण मागाहून. आमच्याकडे ज्याने घाण केली त्याने साफ करावी असा नियम आहे. नियम न्यायाचाच आहे. पण घाण कुणाची हे ठरेपर्यंत हात कोण लावणार, याला उत्तर नाही. म्हणजे आग कुणी लावली त्याचा निकाल लागेपर्यंत पाण्याची बादली उचलायची नाही, असं झालं. अशा निधीचा प्रस्ताव मी नोकरीत तीनदा पाठवला. तिन्ही वेळा पोच मिळाली.

जबाबदारी ठरवायच्या सुनावणीत या पंपाच्या मालकाचे वकील शांतपणे उभे राहिले. गळती कबूल, म्हणाले, पण ती अगदी ताजी, चार-आठ दिवसांची, पंपाच्या आवारापुरती. विहिरीतलं डिझेल कोळ्यांचं स्वतःचं. वाडीत कॅन ठेवतात, इंजिनं धुतात, त्याचंच मुरलेलं. आणि पुरावा म्हणून त्यांनी माझा अहवाल पुढे केला. रजिस्टरात तूट नाही असं याच अधिकाऱ्याने पाहिलं, पाणी स्वच्छ आहे असं याच अधिकाऱ्याने लिहिलं. कोळीवाड्यातली पाचसहा माणसं मागे उभी होती. आपल्या पिण्याच्या विहिरीत आपणच तेल ओतलं हे त्यांना ऐकून घ्यावं लागलं, आणि ते माझ्या सहीने.

पुढची तारीख दीड महिन्याने होती. माझे वरिष्ठ वाईट नव्हते. त्यांनी मला बसवून समजावलं की नमुना नियमाप्रमाणे घेतलेला आहे, त्यात चूक नाही. तू स्वतः चूक लिहून दिलीस तर चौकशी लागेल, बढती जाईल, आणि उद्या आपला प्रत्येक अहवाल कुणीही उठून खोटा म्हणेल. त्यातला शेवटचा मुद्दा खोटा नव्हता. मी महिनाभर काही लिहिलं नाही. चूक झाली हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो, हे इथे लिहिलं पाहिजे.

माझं घर पालीकडचं. आजोबा महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांपैकी. त्यांनी ओंजळीतून पाणी घेतल्यावर त्या तळ्याचं पुन्हा शुद्धीकरण केलं गेलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात लहानपणी आम्हाला जेवताना सांगायचे. ज्यांच्या हाताने पाणी बाटतं असं बोललं गेलं, त्यांच्यातला मी. आणि कोळीवाड्यात उभं राहून माझ्याच मनात आलं होतं की या लोकांकडे वास असायचाच. दौऱ्यावरून एका रविवारी घरी गेलो होतो, तेव्हा हे पहिल्यांदा मला सरळ दिसलं. सोमवारी मी एका पानाचं निवेदन टाइप केलं.

पुढच्या तारखेला मी उभं राहून म्हटलं, “तो अहवाल माझा आहे आणि तो चुकीचा आहे. तरंगणारं तेल मी खाली शोधलं.” वकिलांनी विचारलं की मग तुमचे बाकीचे अहवालही असेच का? मी म्हटलं, तेलाच्या तक्रारीत असा घेतलेला प्रत्येक नमुना पुन्हा घ्यावा लागेल. तसे ते पुढे घेतलेही. आणखी दोन ठिकाणी तेल निघालं, हे सांगताना मला अभिमान वाटत नाही.

जबाबदारी पंपाची ठरली. टाकी वर काढली तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर होतो. मला वाटलं होतं खाऱ्या मातीने पत्रा खाल्ला असेल. बाजू धडधाकट होत्या. भोक होतं ते तळाला, काठी सोडायच्या नळकांड्याच्या बरोबर खाली. तिथे काठीचा मार झेलायला जाड पट्टी बसवलेली असते. या टाकीत ती बसवायची राहून गेली होती. वर्षानुवर्षं रोज सकाळी पितळेची काठी त्याच जागी आदळली आणि गळती शोधायच्या त्या उपायानेच गळती पाडली. त्या व्यवस्थापकाला बोलावून मी ते दाखवलं.  तूट दिसायची का, असं विचारल्यावर म्हणाला, दिसायची, पण मला वाटलं माझंच वाचण्यात चुकतंय, म्हणून नीट करून लिहायचो. 

माझी चौकशी झाली, ठपका आला, बढती गेली. माझ्या सहीवर जे आठ महिने ते पाणी पीत राहिले त्यांच्या मानाने हे काहीच नाही. साफसफाई दोन वर्षांहून जास्त चालली. उतारावरची माती ट्रक भरभरून नेली, विहिरीचा वरचा थर रोज ओढून घ्यायचा, उपसलेलं पाणी कोळशाच्या गाळणीतून सोडायचं. तोवर कोळीवाड्याला टँकर. मथुराबाई कामावरच्या माणसांना रोज चहा द्यायच्या, आणि चहाचं पाणी टँकरचं आहे हे न विसरता सांगायच्या.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नमुने स्वच्छ येऊ लागले. वरचे, खालचे, भरतीचे, ओहोटीचे, सगळे. मालकाचे लोक प्रमाणपत्र मागू लागले, म्हणजे त्यांचा खर्च थांबेल. मी अहवाल घेऊन मथुराबाईंकडे गेलो. त्यांनी पोहरा ओढला, तोंडाशी नेला, वास घेतला आणि म्हणाल्या, “हाय अजून. थोडा हाय.”

यंत्राला दिसत नव्हतं. मी सही केली नाही. वास गेल्याशिवाय काम थांबवायचं नाही असं मी फाइलवर लिहिलं, आणि वास कुणी घ्यायचा तेही लिहिलं. कार्यालयात माझी चेष्टा झाली. सरकारी खात्यात मथुराबाईंचं नाक हे नवीन उपकरण आलंय का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, या विहिरीपुरतं आपल्याकडच्या सगळ्यांत ते जास्त बरोबर निघालंय. विहिरीवरचा पंप पाणी ओढत राहिला. त्यातच माझी निवृत्ती झाली आणि फाइल माझ्या जागी आलेल्या मॅडमकडे गेली. त्यांनी तो शेरा खोडला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

निवृत्तीनंतर सात महिन्यांनी एका सकाळी मथुराबाईंचा फोन आला. कार्यालयात न करता त्यांनी मला घरी केला होता.

“साहेब, वास गेला.”

मी विचारलं, किती दिवस? पंधरा दिवस रोज बघतेय, म्हणाल्या, भरतीला बघते, ओहोटीला बघते. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, आजच मॅडमना कळवतो, त्या येऊन अखेरचा नमुना घेतील, चार-आठ दिवसांत कागद मिळेल, तोवर कुणी पिऊ नका.



“मी पितेय,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस झाले. एकटीच. घरात कुनाला बोलले न्हाय. काय व्हायचं तर मला होईल, मंग बाकीच्यांना कळंल. काय झालं न्हाय. आज कप्पीला नवा दोर बांधला.”

मी रागावलो. असं करायचं नव्हतं, आम्ही कशासाठी आहोत, निदान मला आधी विचारायचं, असं बरंच बोललो. त्यांनी मला बोलू दिलं.

“विचारलं असतं तर तुमी कागदासाठी थांब बोलला असता,” त्या म्हणाल्या. “साहेब, आमच्याकडं कागद बघून आता पानी कोन पितं?”

त्यांचं खरं होतं. त्या दिवशी कोळीवाडा ते पाणी प्यायला, कारण मथुराबाई प्यायल्या होत्या. मॅडमचा कागद पुढच्या आठवड्यात आला, तो पंचायतीने दारावर लावला नाही.